अटींसकट विक्रम सांगा: क्रिकेटमधल्या आडवाटेच्या नोंदी

तळटीप (धागाकर्ता)

'सर्वाधिक धावा कुणाच्या' छापाचे धागे भरपूर झालेत. इथे अशा नोंदी हव्यात ज्यांच्यामागे एखादी अट, तेव्हाचा नियम किंवा मोजण्याची पद्धत दडलेली आहे, आणि ती गाळून नुसता आकडा फेकला की गल्लत होते.

सुरुवात बापू नाडकर्णींपासून करतो. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्धची कसोटी. पहिल्या डावातलं पृथक्करण (षटकं-निर्धाव-धावा-बळी) ३२-२७-५-०. सलग २१ षटकं निर्धाव. हे सगळ्यांना पाठ असतं. पण लगेच पुढे 'सलग सर्वाधिक निर्धाव चेंडूंचा विश्वविक्रम' असंही लिहिलं जातं, तिथे अडतं. का, ते कुणी सांगेल का?


खडूस स्कोरर

सोपं आहे. नाडकर्णींचे सलग निर्धाव चेंडू १३१. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डचे १३७, दरबानला, इंग्लंडविरुद्धच, १९५६-५७ च्या मालिकेत. मात्र तिथे षटक आठ चेंडूंचं होतं. म्हणजे टेफील्डची सलग पूर्ण षटकं १६ (१२८ चेंडू) आणि वर ९ चेंडू. नाडकर्णींची २१ (१२६ चेंडू) आणि वर ५. षटकं मोजलीत तर नाडकर्णी पुढे, चेंडू मोजलेत तर टेफील्ड. दोन वेगळे विक्रम आहेत, दोन्ही खरे.

जुनं पृथक्करण वाचताना आधी षटक किती चेंडूंचं ते बघायची सवय लावून घ्या. १८७७ च्या पहिल्या कसोटीत चार चेंडूंचं होतं. इंग्लंडमध्ये १८८९ पासून पाच, १९०० पासून सहा. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ. त्यामुळे जुन्या गोलंदाजांची 'षटकामागे धावा' ही तुलना थेट करू नये. धावा भागिले चेंडू गुणिले सहा असं करून घ्यावं.


लेगबाय

निर्धाव षटकाचीही एक गोम आहे. बाय आणि लेगबाय (बॅटला चेंडू न लागता मिळालेल्या धावा) गेले तरी षटक निर्धावच राहतं, कारण त्या धावा गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाईड आणि नोबॉलही गोलंदाजाच्या खात्यात धरत नसत. म्हणजे एखाद्याने षटकात दोन नोबॉल टाकले, बॅटमधून काही आलं नाही, तरी ते निर्धाव लिहिलं जायचं. आज तसं होणार नाही.

नाडकर्णींची कारकीर्द बघितली तर मद्रासचा प्रकार अपघात वाटत नाही. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूरला ३२-२४-२३-० आणि दिल्लीला ३४-२४-२४-१. ४१ कसोटींत षटकामागे १.६७ धावा.


गलीतला

स्कोअररसाहेब, जुना धावफलक खरा की टंकनदोषाने भरलेला, हे तुम्ही कसं ठरवता? जरा पद्धत लिहा की.


खडूस स्कोरर

चार बेरजा कराव्या लागतात.

पहिली, फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे डावाची धावसंख्या. ही बहुतेक वेळा जुळतेच, कारण छापणारेही हीच तपासतात.

दुसरी जास्त कामाची. सगळ्या गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय अधिक लेगबाय (आणि दंडाच्या धावा असल्या तर त्या) म्हणजे धावसंख्या. आजच्या सामन्यात वाईड-नोबॉल गोलंदाजांच्या धावांत आधीच आलेले असतात, पुन्हा मिळवायचे नाहीत. जुन्या सामन्यात मात्र ते वेगळे मिळवावे लागतात. नवशिक्यांची बेरीज नेमकी इथे चुकते, आणि मग तेव्हाच्या बिचाऱ्या स्कोअररला शिव्या पडतात.

तिसरी, पडलेल्या गड्यांतून धावबाद, टाइम्ड आउट (वेळेत खेळायला तयार न झाल्याने बाद), क्षेत्ररक्षणात अडथळा वगैरे वजा केले की गोलंदाजांच्या बळींची बेरीज यायला हवी. यष्टिचीत आणि हिट विकेट गोलंदाजाच्याच नावावर जातात, ते वजा करू नका.

चौथी, सर्वबाद डावात दहा गडी मोजा. नऊच भरले तर कुणीतरी जखमी होऊन निवृत्त झालाय किंवा फलंदाजीला आलाच नाही. फलंदाजाने खेळलेले चेंडू मात्र जुन्या सामन्यांत बरेचदा नोंदलेलेच नसतात, तिथे मिनिटांवर भागवावं लागतं. 'सर्वात वेगवान शतक' हा विक्रम जुन्या काळासाठी चेंडूंऐवजी वेळेत सांगतात तो त्यामुळेच.


पॅव्हेलियन एंड

नऊ गड्यांच्या सर्वबाद डावाचं सर्वात जुनं उदाहरण पहिल्याच कसोटीतलं. मेलबर्न, मार्च १८७७. चार्ल्स बॅनरमन १६५ वर असताना जॉर्ज युलियटचा चेंडू बोटावर बसून बोट फाटलं आणि तो निवृत्त झाला. ऑस्ट्रेलिया सर्वबाद २४५. त्यांत बॅनरमनचा वाटा ६७ टक्क्यांच्या वर, आणि त्याच्याखालोखालची धावसंख्या टॉम गॅरेटची नाबाद १८! कसोटीच्या पूर्ण झालेल्या डावात एकाच फलंदाजाचा एवढा मोठा वाटा त्यानंतर कुणाचाच नाही. कसोटी इतिहासातला पहिलाच डाव आणि त्यातला विक्रम अजून शाबूत, हे मला तरी ब्रॅडमनच्या ९९.९४ सरासरीपेक्षा भारी वाटतं.

तो सामना ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनी जिंकला. शंभर वर्षांनी मेलबर्नलाच शतकमहोत्सवी कसोटी झाली, तीही ऑस्ट्रेलियाने ४५ धावांनीच जिंकली.


तळटीप

९९.९४ निघालंच आहे तर त्याची तळटीपही लिहून टाकतो. 'कसोटीत सर्वात जास्त सरासरी ब्रॅडमनची' या वाक्यात 'किमान २० डाव' ही अट गृहीत असते. ती काढलीत तर वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम ११२ च्या सरासरीने वर जातो: १९४८, पोर्ट ऑफ स्पेन, एकच कसोटी, एकच डाव, ११२ धावा. ऑस्ट्रेलियाच्या कर्टिस पॅटरसनची सरासरी तर १४४ आहे. २०१९ मधल्या दोन कसोटींत ३० आणि नाबाद ११४. एकदाच बाद, म्हणून १४४.

ब्रॅडमनचं गणित असं: ८० डाव, १० वेळा नाबाद, म्हणजे ७० वेळा बाद, धावा ६९९६. शेवटच्या डावात चार धावा केल्या असत्या तर बरोबर १००, हे सगळेच सांगतात. पण तो त्या डावात शून्यावर नाबाद राहिला असता तर? ६९९६ भागिले ६९, म्हणजे १०१.३९. सरासरीत धाव काढण्यापेक्षा बाद न होणं किती जड जातं ते यात दिसतं.


स्वीपर

भाऊसाहेब निंबाळकर राहिलेच की! डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी. नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला (नाबाद ४५२) गाठायला नऊ धावा हव्या होत्या, मोडायला दहा. उपाहाराची वेळ झाली आणि काठियावाडच्या कप्तानाने, म्हणजे राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला.

यातली तांत्रिक बाजू अशी की डाव घोषित करणं फलंदाजी करणाऱ्या संघाच्या हातात असतं. इथे डाव थांबला तो समोरच्या संघाने सामना बहाल केल्यामुळे, म्हणून महाराष्ट्राच्या कप्तानाला करण्यासारखं काही उरलंच नाही. दुसऱ्या गड्यासाठी भांडारकरांबरोबर (२०५) ४५५ ची भागीदारी झाली होती, ती सहसा कुणाला आठवत नाही. प्रथम श्रेणीत चारशेच्या वर गेलेला निंबाळकरांखेरीज एकही भारतीय फलंदाज नाही, आणि त्यांना कसोटी एकही मिळाली नाही.


खडूस स्कोरर

त्याच मोसमात पुण्यालाच दुसरा विक्रम झाला. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, मार्च १९४९. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ घोषित. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. बेरीज करा: २३७६. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातल्या सर्वाधिक धावा. चौथ्या डावात ६०४ करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला.

कसोटीतला तसाच आकडा १९८१ धावांचा: दरबान, मार्च १९३९. वेळेचं बंधन नसलेला सामना. दक्षिण आफ्रिका ५३० आणि ४८१, इंग्लंड ३१६ आणि ५ बाद ६५४. जिंकायला ६९६ हवे होते, ४२ उरले असताना सामना सोडावा लागला, कारण इंग्लंडच्या संघाला केपटाऊनहून परतीचं जहाज गाठायचं होतं. 'निकाल लागेपर्यंत खेळायचं' अशी अट असलेला सामना अनिर्णित!


लेगबाय

अनिर्णितवरून बरोबरीचा घोळ. धावा समान झाल्या की 'टाय' असं लोक समजतात. कसोटीत तेवढ्याने भागत नाही. शेवटी फलंदाजी करणारा संघ सर्वबाद व्हायला हवा. गडी शिल्लक आणि वेळ संपला, तर धावा समान असूनही सामना अनिर्णित.

असं दोनदा झालंय. बुलावायो, डिसेंबर १९९६: इंग्लंडला २०५ हवे होते, ६ बाद २०४. शेवटच्या चेंडूवर तिसरी धाव घेताना निक नाइट धावबाद. मुंबई, नोव्हेंबर २०११: भारताला २४३ हवे होते, ९ बाद २४२. शेवटच्या चेंडूवर दुसरी धाव घेताना अश्विन धावबाद. दोन्हीकडे आधी पूर्ण झालेल्या धावा धरल्या, ज्या धावेत बाद झाला ती धरली नाही. अश्विनने त्याच सामन्यात शतकही ठोकलं होतं आणि एका डावात पाच बळीही घेतले होते.

खऱ्या 'टाय' कसोटीही दोनच. ब्रिस्बेन १९६०: ऑस्ट्रेलिया २३२ सर्वबाद, जो सॉलोमनच्या फेकीवर मेकिफ धावबाद. मद्रास १९८६: भारत ३४७ सर्वबाद, ग्रेग मॅथ्यूजने मनिंदर सिंगला पायचीत केलं. दोन्ही वेळा शेवटच्या षटकाचा एक चेंडू शिल्लक होता. ब्रिस्बेनला षटक आठ चेंडूंचं, गडी सातव्यावर गेला, मद्रासला पाचव्यावर.


गलीतला

शेवटच्या षटकांचा विषय आहे तर वेलिंग्टनच्या बर्ट व्हान्सने टाकलेलं षटक हवंच. फेब्रुवारी १९९०, ख्राइस्टचर्च, वेलिंग्टन विरुद्ध कँटरबरी. एका षटकात ७७ धावा.

झालं असं की कँटरबरीचे आठ गडी बाद, दोनच षटकं उरलेली, आणि फलंदाज नुसते अडवत बसलेले. वेलिंग्टनला विजय हवा होता. म्हणून त्यांनी युक्ती लढवली: मुद्दाम पुढे येऊन नोबॉलवर फुलटॉस टाकायचे, फलंदाजांना लक्ष्याजवळ येऊ द्यायचं, म्हणजे ते लोभाने फटके मारतील आणि बाद होतील. चेंडू टाकले गेले २२. ली जर्मनने ७० धावा चोपल्या, रॉजर फोर्डने ५. पंचांची मोजणी चुकली आणि पाचच वैध चेंडूंवर षटक संपलं. स्कोअरबोर्डही मागे पडला होता, त्यामुळे नेमक्या किती धावा हव्यात हे मैदानावर कुणालाच कळेना. प्रत्यक्षात शेवटच्या षटकात १८ हव्या होत्या, १७ झाल्या. धावा समान, गडी शिल्लक, सामना अनिर्णित. लेगबाय यांच्या यादीला प्रथम श्रेणीतली ही पुरवणी.

हा विक्रम तक्त्यात टाकताना 'जाणूनबुजून नोबॉल' अशी टीप हवीच. एरवीच्या षटकांच्या पंगतीत तो बसत नाही. ऋतुराज गायकवाडचे २०२२ च्या विजय हजारे करंडकातले, उत्तर प्रदेशविरुद्धचे एका षटकातले सात षटकारही नोबॉलमुळेच शक्य झाले (४२ अधिक १, एकूण ४३), पण तिथे गोलंदाज खरोखर गोलंदाजी करत होता. फरक आहे.


पॅव्हेलियन एंड

षटकार म्हटलं की आणखी एक अट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चेंडू नुसता सीमेपलीकडे जाऊन सहा मिळत नसत, मैदानाबाहेर जावा लागे. कसोटीतला तसा पहिला षटकार ऑस्ट्रेलियाच्या जो डार्लिंगचा, ॲडलेड, जानेवारी १८९८. 'जुन्या लोकांना षटकार मारता येत नसत' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ब्रॅडमनच्या सहा षटकारांना मात्र ही सबब नाही, त्याच्या काळात नियम बदललेला होता. त्याला हवेत मारायचंच नसे.

फॉलोऑनचंही (पहिल्या डावात बराच मागे पडलेल्या संघाने लगेच पुन्हा फलंदाजी करणं) तसंच. १८९४ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाने ५८६ केल्या, इंग्लंड ३२५, फॉलोऑन, मग ४३७. ऑस्ट्रेलियाला १७७ हवे होते, १६६ वर बाद, इंग्लंड १० धावांनी विजयी. ऑस्ट्रेलियन कप्तानाने फॉलोऑन देऊन चूक केली असं लिहिणाऱ्यांची गंमत वाटते. तेव्हा तो सक्तीचा होता, कप्तानाला विचारतं कोण!


स्वीपर

हॅटट्रिकमध्ये (लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी) ऑस्ट्रेलियाच्या मर्व्ह ह्यूजसारखी गुंतागुंत दुसरी नाही. पर्थ, १९८८, वेस्ट इंडीज. एका षटकाच्या शेवटच्या चेंडूवर अँब्रोज, पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर पॅटरसन आणि डाव संपला. मग दुसऱ्या डावात त्याच्या पहिल्याच चेंडूवर ग्रीनिज. तीन षटकं, दोन डाव, तीन चेंडू. मोजताना बघायचं ते एवढंच की त्या गोलंदाजाचे त्याच सामन्यातले लागोपाठचे चेंडू आहेत का. मधल्या चेंडूवर धावबाद झाला तर संघाला तीन चेंडूंत तीन गडी मिळतील, गोलंदाजाला हॅटट्रिक नाही.

ऑस्ट्रेलियाच्या जिमी मॅथ्यूजने २८ मे १९१२ ला ओल्ड ट्रॅफर्डवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोन्ही डावांत एकेक हॅटट्रिक घेतली, तीही एकाच दिवशी. दोन्ही वेळा तिसरा बळी यष्टिरक्षक टॉमी वॉर्डचा. सहापैकी एकाही बळीत दुसऱ्या क्षेत्ररक्षकाचा हात नाही, आणि त्या कसोटीत त्याला ह्या सहांव्यतिरिक्त एकही बळी नाही.

एकाच डावात दोन हॅटट्रिक हवी असेल तर आपल्याकडचे जोगिंदर राव. सेनादलाकडून, १९६३-६४, उत्तर पंजाबविरुद्ध. प्रथम श्रेणी पदार्पणातही त्यांची हॅटट्रिक होती.


लेगबाय

बाद होण्याच्या प्रकारांत दक्षिण आफ्रिकेचा रसेल एंडीन हा माणूस दोनदा भेटतो. १९५१, ओव्हल: लेन हटनच्या बॅटने वर उडालेला चेंडू झेलायला यष्टिरक्षक एंडीन सरसावला, हटनने तो पुन्हा बॅटने हटवला. यष्टी वाचवायला दुसऱ्यांदा मारता येतं, पण त्याने झेल अडता कामा नये. हटन 'क्षेत्ररक्षणात अडथळा' म्हणून बाद, कसोटीतला पहिला. पुढे १९५७ च्या जानेवारीत केपटाऊनला लेकरचा चेंडू पॅडला लागून यष्टींकडे पडू लागला, एंडीनने हाताने झटकला. 'चेंडू हाताळला' म्हणून बाद होणारा तो कसोटीतला पहिला. १ ऑक्टोबर २०१७ पासून हा प्रकार वेगळा उरला नाही, अडथळ्यातच विलीन झाला. म्हणून २०२३ मध्ये मीरपूरला मुशफिकुर रहीमने चेंडू हाताने ढकलला तरी नोंद 'अडथळा' अशीच झाली.

रमीझ राजाचं तर दुखणंच: १९८७, कराची, इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय. शतकासाठी धावताना फेक बॅटने अडवली, ९९ वर अडथळा म्हणून बाद.


गलीतला

टाइम्ड आउटमध्येही बारकावा आहे. दिल्ली, ६ नोव्हेंबर २०२३, बांगलादेशविरुद्ध श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज. तो मैदानात वेळेत आला होता ना, मग बाद कसा, असं विचारतात. नुसतं खेळपट्टीवर पोचून भागत नाही. ठरलेल्या वेळात पुढचा चेंडू खेळायला तयार असावं लागतं. मूळ नियमात तीन मिनिटं, विश्वचषकाच्या अटींत दोन. हेल्मेटचा पट्टा तुटला, ते बदलण्यात वेळ गेला, शाकिबने अपील केलं. आधीचा गडी समरविक्रमा शाकिबच्याच चेंडूवर गेला होता, म्हणजे मध्ये एकही चेंडू न पडता दोन गडी. पहिला शाकिबच्या खात्यात, दुसरा कुणाच्याच नाही. स्कोअररसाहेबांची तिसरी बेरीज इथे लावून बघा.


तळटीप

महिला क्रिकेट कुणीच घेतलं नाही अजून. एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिनचं नव्हे. बेलिंडा क्लार्क, नाबाद २२९, डेन्मार्कविरुद्ध, मुंबईच्या एमआयजी मैदानावर, १६ डिसेंबर १९९७. सचिनचं ग्वाल्हेरचं २०० त्यानंतर बारा वर्षांनी, २४ फेब्रुवारी २०१०. 'पुरुषांमध्ये पहिलं' एवढे दोन शब्द लिहायला काय जातं?

कसोटीतही तेच. एका सामन्यात शतक आणि दहा बळी हा योग पुरुषांत प्रथम बोथमने साधला, मुंबई १९८०. बेटी विल्सनने तो १९५८ मध्येच मेलबर्नला साधला होता: ७ धावांत ७ आणि ९ धावांत ४ बळी, वर १०० धावा. ऑस्ट्रेलिया ३८ वर बाद झाल्यावर इंग्लंड ३५ वर बाद, असला सामना.

नीतू डेव्हिडचे १९९५ मधले ५३ धावांत ८ बळी (जमशेदपूर, इंग्लंडविरुद्ध) आजही महिला कसोटीच्या एका डावातली सर्वोत्तम कामगिरी आहे. तो सामना भारत दोन धावांनी हरला.


खडूस स्कोरर

पदार्पणातल्या दोन आकड्यांमध्ये एका धावेचा फरक. बॉब मॅसी, लॉर्ड्स १९७२: ८४ धावांत ८ आणि ५३ धावांत ८, एकूण १३७ धावांत १६. नरेंद्र हिरवाणी, मद्रास, जानेवारी १९८८: ६१ धावांत ८ आणि ७५ धावांत ८, एकूण १३६ धावांत १६. त्याच सामन्यात किरण मोरेने सहा यष्टिचीत केले, त्यांतले पाच दुसऱ्या डावात. हिरवाणीचा विक्रम सांगताना मोरेला वगळणं म्हणजे अर्धाच धावफलक वाचणं.


स्वीपर

जाता जाता दोन कोडी. कसोटीच्या पाचही दिवशी फलंदाजी करणारे भारतीय किती आणि कुठे? आणि पहिल्यांदा एका देशाकडून, नंतर दुसऱ्याकडून कसोटी खेळताना सर्वात मोठी खंड पडलेला कोण?


पॅव्हेलियन एंड

पहिलं: तीन. जयसिंहा १९६०, शास्त्री १९८४, पुजारा २०१७, तिन्ही ईडन गार्डन्सवर. त्यासाठी दोन्ही डाव दिवस ओलांडून जावे लागतात आणि मध्ये समोरच्या संघाच्या डावाने एकही अख्खा दिवस खाता कामा नये. पुजाराच्या वेळी पावसाने पहिले दोन दिवस कापले, म्हणून ते जमलं.

दुसरं: जॉन ट्रायकॉस. दक्षिण आफ्रिकेकडून १९७०, झिंबाब्वेकडून १९९२. मधला काळ २२ वर्षं २२२ दिवस. परतल्यावर त्या हरारे कसोटीत त्याने सचिनला स्वतःच्याच गोलंदाजीवर झेलून शून्यावर घालवला.